नसांतला चुना

एक्स-रेमध्ये हाडं पांढरी दिसतात, एवढं मलाही कळतं. पण पडद्यावर माझ्या पोटरीच्या हाडांशेजारी आणखी पांढऱ्या रेघा खाली घोट्यापर्यंत गेल्या होत्या. मी विचारलं, "हे कुठलं हाड?"

"हाड नाही. ह्या तुमच्या रक्तवाहिन्या आहेत," डॉक्टर म्हणाले. "त्यांच्यात कॅल्शियम साठलंय."

मी उडालेच. पाय दुखले की कॅल्शियम कमी, हे आमच्या घरात शेंबड्या पोरालाही ठाऊक. मी वर्षानुवर्षं गोळ्या गिळत होते, वर दह्यात चिमूटभर चुना. बाजारपेठेतल्या आमच्या शर्ट-पँटच्या कापडाच्या दुकानात दिवसभर उभी असते, म्हणून पाय भरून येतात, अशी माझी समजूत. डॉक्टर म्हणाले, गोळ्यांनी हे झालेलं नाही, पण आता त्या बंद करा. मला त्यांचा रागच आला. आधी कुणीतरी सांगायचं होतं ना!

मग त्यांनी विचारलं, "आईवडिलांचं लग्नाआधी रक्ताचं नातं होतं?"

"होतं की! आई सख्ख्या मामालाच दिलेली," मी ठसक्यात सांगितलं. आमच्यात घरातली मुलगी घरात राहिली, याचा अभिमान असतो. डॉक्टरांनी मान खाली घातली आणि मला पहिल्यांदा भीती वाटली.

रक्त पुण्याला गेलं. मंगळवेढ्याहून धाकट्या भावालाही बोलावून त्याचं रक्त घेतलं, कारण शेतात चालताना त्याच्याही पोटऱ्या धरत होत्या. निकाल आला तेव्हा आम्ही दोघं शेजारी बसलो होतो. आजार दोघांनाही होता. नाव इंग्रजी, लांबलचक, मधे सीडी ७३ असा आकडा. मी म्हटलं, "नाव राहू द्या, मराठीत सांगा."

त्यांनी सांगितलं. कॅल्शियमला नसांत आणि बोटांच्या सांध्यांत बसू न देणारी व्यवस्था शरीरात असते. तिच्यातला एक दुवा आमच्यात जन्मापासून नाही. आईकडून एक दोष, वडिलांकडूनही तोच, म्हणून आम्हाला आजार. आजार फार दुर्मीळ. मुळापासून बरं करणारं औषध अजून नाही.

"आणि आमची मुलं?" मी विचारलं.

"त्यांच्यात एकेक दोष असणारच. पण एका दोषाने आजार होत नाही. फक्त त्यांनी असाच दोष असलेल्या माणसाशी लग्न केलं, तर प्रत्येक बाळाला चारात एक धोका."

भाऊ माझ्याकडे बघत नव्हता. त्याची मुलगी माझ्या मुलाला दिली होती. साखरपुडा झाला होता आणि आम्ही त्याच दिवशी लग्नाच्या साड्या बघायला जाणार होतो.

गेलोही. रिक्षातून उतरून पेठेच्या गर्दीत शिरल्यावर तो पहिल्यांदा बोलला. "अक्का, कुणाला सांगू नको. आईबापानी बी नात्यातच केलं की. आपण जिवंत हाय न्हवं?"

मला तर त्याचं म्हणणं पटावं असं फार वाटत होतं. ती पोरगी पाळण्यात होती तेव्हापासून मी तिला सून म्हणत आले.

थोडं चाललो आणि माझ्या पोटऱ्यांत गोळे आले. मी एका दुकानाच्या पायरीवर बसले. बाजूला बघते तर भाऊ त्याच पायरीवर टेकत होता, दोन्ही हातांनी पोटरी दाबत. दुकानदाराने पाणी दिलं. तो ते प्यायला नाही. माझ्या हातांच्या सुजलेल्या बोटांकडे बघत बसला, मग स्वतःच्या.

"तिच्या लेकराला हे नको," तो म्हणाला. "मोडू या."

त्याने तिथंच मुलीला फोन लावला. "हॅलो" म्हणाला आणि पुढे शब्दच फुटेना. एवढा मोठा माणूस भर बाजारात हुंदके द्यायला लागला. फोनमधून तिचा आवाज मला स्पष्ट ऐकू येत होता.

"आप्पा, पाय लई दुखायलेत का? रडू नका. साड्यांचं राहू द्या. आत्याला घिऊन रिक्षानं घरी जावा."

मी त्याच्या हातातून फोन घेतला आणि तिला आजाराचं, मग लग्न मोडायचं सांगितलं.