मूठ झाकून घालायची रीत

जव्हारहून मोखाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगत आमची मुलींची खासगी निवासी शाळा आहे. यंदा शाळेने आपल्या इतिहासाची पुस्तिका काढली. तिच्यात ‘नव्याची मूठ’ या परंपरेवर एक परिच्छेद आहे. दिवाळीच्या सुट्टीनंतर प्रत्येक मुलगी घरून मूठभर नवं धान्य आणते आणि मूठ झाकूनच वसतिगृहाच्या कणगीत सोडते. समतेचा हा संस्कार, पुस्तिका म्हणते, शाळेच्या पहिल्या वर्षापासूनचा आहे.

धान्य आणण्याची रीत जुनी आहे, हे खरं. संस्काराबद्दल शंका घ्यायला जागा आहे. मी सातवीत असेपर्यंत मूठ उघडी असायची.

तेव्हा धान्य ‘स्वतःच्या शेतातलं’ असावं असा नियम होता. पुरचुंड्या आदल्या संध्याकाळी व्हरांड्यातल्या दोरीला टांगायच्या आणि सकाळी एकेकीने सगळ्यांसमोर सुपात ओतायच्या. डोंगरावरच्या सूर्यमाळच्या मुली नागली, म्हणजे नाचणी आणत, खालच्या गावांतल्या भात आणत. कोणाचं धान्य कसं आहे यावर टोमणे व्हायचे.

त्या वर्षी पाचवीत एक मुलगी नवी होती. तिच्या घरी जमीन नव्हती. आईवडील दिवाळीनंतर वीटभट्टीवर जात. तिने सुपात ओतलं ते भात एकसारखं नव्हतं. तांबडं, पांढरं, जाड, बारीक, सगळं मिसळलेलं.

“हिला शेत कधी झालं गं?” माझ्या मागून कोणीतरी म्हणालं.

“शेत कशाला हवं? दोरी होती ना रात्रभर.”

हसू फुटलं आणि लगेच थांबलं. पाचवीची पाळी पहिली आणि पाचवीत तीच पहिली, त्यामुळे बाकीच्या पुरचुंड्या अजून आमच्या हातात होत्या. प्रत्येकीला आपली हलकी वाटू लागली. मलाही.

मुख्याध्यापिका बाईंनी तिला विचारलं, “कुठून आणलंस?”

“सरवा येचला, बाई.”

कापणीनंतर शेतात गळून राहिलेल्या लोंब्यांना सरवा म्हणतात.

“कोणाच्या शेतात?”

“जो हाकलून नाय देत, त्याच्या.”

बाईंचा विश्वास बसलेला दिसला नाही. “चोरी असेल तर इथे राहता येणार नाही,” त्या म्हणाल्या. याचा अर्थ सगळ्यांना कळत होता. तिच्या आईवडिलांना भट्टीवर नेणारा ट्रक दुसऱ्या दिवशी मोखाड्याहून सुटणार होता. शाळेतून काढलं की तिला त्यात बसावं लागलं असतं.

बाईंनी आमच्या पुरचुंड्या वर्तमानपत्रांवर वेगवेगळ्या ओतायला लावल्या आणि तिचं भात एकेका ढिगाशी ताडून पाहिलं. तांबडं भात आठवीतल्या एकीकडे होतं.

“बाई, माझं कमी झालंय,” ती म्हणाली.

“बांधताना पाहिलं होतंस किती होतं?”

तिने आपलं रिकामं फडकं पुन्हा झटकून पाहिलं.

शेवटी बाईंनी नव्या मुलीच्या भातातले लांब काळ्या कुसळाचे दाणे निवडून तळहातावर घेतले आणि सगळ्यांसमोरून फिरवले. तसा एकही दाणा आमच्या कुठल्याच ढिगात नव्हता.

“मग ते दुसरीकडून चोरलं असेल,” कोणीतरी पुटपुटलं.

“दुसरीकडचा न्याय आपण करत नाही,” बाई म्हणाल्या. त्यांनी सगळे ढीग स्वतः कणगीत ओतले. दुसऱ्या दिवशी ट्रक तिला न घेता गेला.

पुढच्या दिवाळीनंतर दोरी नव्हती. मूठ झाकून घालायची आणि कोणी बघायचं नाही, एवढंच आम्हाला सांगण्यात आलं. कारण सांगितलं नाही.

यंदा पुस्तिकेच्या प्रकाशन समारंभात पाचवीतल्या एका मुलीने मोठ्या मुलीला विचारलं, “ताई, मूठ का झाकायची?”

“नाहीतर धान्याला दृष्ट लागते, वेडे.”

सरवा वेचणारी ती मुलगी दहावीपर्यंत शाळेत होती. नवा नियम तिने एकदाही पाळला नाही. पाळी आली की ती कणगीजवळ थांबायची, हात पुढे धरून मूठ उघडायची आणि सगळ्यांनी नीट पाहिलं याची खात्री झाल्यावरच दाणे आत सोडायची.