काकूंचा उचललेला पाय

बायको धुळ्याला माहेरी गेली आणि टबातल्या अळ्या माझ्या भरवशावर ठेवून गेली. शेततळ्यातलं शेवाळ खाऊन त्या टम्म फुगतात. मग वाळवून, मिक्सरमध्ये दळून कोंबड्यांच्या खाद्यात जातात. मला अळीची भयंकर भीती, म्हणून पाणी लांबूनच नळीने मारलं. "टबाच्या कडा ओल्या झाल्या की त्या वर चढतात," हे तिने बजावलेलं मी सोयीस्कर विसरलो.

सकाळी शेजारच्या जैन काकूंची किंकाळी ऐकू आली. आमच्या सामाईक ओट्यावर त्या भिंत धरून एका पायावर उभ्या होत्या. भोवती अळ्याच अळ्या.

"भाऊ, पाय कुठे ठेवू? एक जरी मेली तरी पाप लागेल!"

मी झाडू आणला.

"झाडू नको हो, मरतील!"

मग डोळे अर्धे मिटून मी एकेक चिमटीत धरली. बोटांत वळवळली की घाईघाईने टबात टाकायचो. अखेर काकूंचा पाय टेकला. त्यांनी मला चक्क हात जोडले.

"केवढे जीव वाचवले, भाऊ! आता नीट सांभाळा त्यांना."

"सांभाळतो," मी म्हणालो.

तेव्हापासून बायको मिक्सर लावायला निघाली, की मी धावत जाऊन आधी ओट्याकडचं दार लावतो.