हातांनी वाचलेले शब्द

पिपलानीच्या वसाहतीतून कारखान्यात जाणाऱ्या बसमध्ये ते रोज माझ्या शेजारी बसत. निवृत्तीला आलेले फिटर होते. नाव मी कधी विचारलं नाही. मी अनुवाद विभागात नवीन होते. यंत्राचं इंग्रजी पुस्तक हिंदीत उतरवायचं माझं पहिलंच काम लाल शाईने भरून परत आलं होतं. ‘ऑइल’ म्हणजे तेल, ‘फाइल’ म्हणजे कानस, अशी मी नुसती वस्तूंची नावं लिहिली होती. पुस्तकाला सांगायचं होतं काम: तेल घाला, कानस चालवा. हे सुधारलं नाही, तर नोकरी पक्की होणार नव्हती.

त्या सकाळी मी एकेक शब्द पुटपुटत होते. ‘फाइल’ ऐकताच शेजारचे दोन्ही हात हवेत उठले. पुढे जाताना दाब, मागे येताना अगदी हलके. ‘ऑइल’ला अंगठ्याने न दिसणाऱ्या तेलकुपीचा तळ दाबला गेला.

“औज़ार हाथ में आया कि काम शुरू, बिटिया. अलग से क्या जोड़ना?”

शेवटची ओळ उरली, ‘मॅन द क्रेन’. मॅन म्हणजे माणूस. त्याचं काम हातांनी कसं दाखवणार? मी जरा खोडसाळपणेच ती वाचली.

त्यांनी हात मांडीवर ठेवले, पाठ ताठ केली आणि नजर वर नेली. जणू वर क्रेनच्या आकड्याला टनांचं ओझं होतं, खाली माणसं काम करत होती. दोन थांबे गेले तरी त्यांची नजर हलली नाही. ‘मॅन’ म्हणजे क्रेनवर असं लक्ष ठेवून हजर राहणं.

गेटवर बस थांबली, तेव्हा उठण्याआधी मीही वर पाहिलं.