केसपेपरवरची ओळ

शिंप्याच्या दुकानात कोऱ्या कापडाचा वास आला की मला पंचवटीतलं एक मधुमेह शिबिर आठवतं. माझी मावशी ब्लाउज शिवायची. पित्ताच्या खड्यामुळे तिच्या स्वादुपिंडाला सूज आली. त्या दुखण्यातून ती वाचली, पण मागे मधुमेह राहिला आणि इन्सुलिन वाढवूनही साखर उतरेना. शिबिरात आम्ही रक्त तपासायला सकाळपासून उपाशी बसलो होतो आणि व्यासपीठावर शाली पांघरलेले पाहुणे पेढे खात होते. आमची पाळी आली तेव्हा मुख्य डॉक्टरांनी मावशीच्या काडीसारख्या हातांकडे पाहिलं. "अंगावर चरबी नाही, तरी एवढं इन्सुलिन पुरत नाही? मावशी, चोरून गोड खाता तुम्ही!" आणि त्यांनी केसपेपरवर लिहिलं, 'पथ्य पाळत नाही.' मावशीने पिशवीतून टेप काढून पोटाभोवती धरली. "आजारपणापासून माझा दंड दोन इंच उतरला, कंबर तीन इंच वाढली. गोड खाल्लं असतं, तर दंडाने काय उपास धरला होता?" रांगेतली माणसं हसली. "बरं, पोटाचं बघू," डॉक्टर म्हणाले. "बघा, पण आधी ते खोडा." "मावशी, मागे माणसं थांबलीत." "थांबू दे. मी उठत नाही." शेवटी त्यांनी ती ओळ खोडली. स्वादुपिंडाच्या आजारानंतर हडकुळ्या माणसाच्याही पोटात आतून चरबी साठते आणि मग शरीर इन्सुलिनला दाद देत नाही, हे मी बऱ्याच वर्षांनी वाचलं. आता मलाही मधुमेह आहे. डॉक्टर माझ्या कागदावर लिहू लागले की मी म्हणतो, "मोठ्याने वाचा."