कानापाशी गेलेला हात

हे मी आजवर कोणापाशी बोललो नाही, बायकोपाशीही नाही. तुम्हाले काहून सांगून राहिलो — ते माझं मलेच ठाऊक नाही.

लोक म्हणतात, इतकी संथ सतार दुसरं कोणी वाजवत नाही. एक सूर छेडायचा, तार ओढून धरायची, तो पुरता विझला की मगच दुसरा. मले सगळे भैया म्हणतात, म्हणून या वाजवायच्या रीतीले 'भैयांचा बाज' म्हणतात. माझा? कायचा माझा!

तो बाज सुमनबाईंचा. रेल्वेत कारकून होत्या. रायपूरच्या पुरानी बस्तीतल्या त्यांच्या घरी मी वीस वर्षं सतार शिकलो. लकव्यानं त्यांचा डावा हात धरला, बोटं धावेनाशी झाली. दुसऱ्या कोणी सतार खुंटीले टांगली असती. बाईंनी त्या अडलेल्या बोटांतूनच ही चाल काढली — वर्षं गेली त्यात. मी घाई केली की म्हणायच्या, "मरू दे ना सुराले. काहून ढकलून राहिला?" स्टेजवर त्या कधी बसल्या नाहीत. एकदाच म्हणाल्या, हे माझ्या नावानं राहावं, बस.

हव, म्हटलं मी.

मग नव्या रायपूरचा तो सरकारी कार्यक्रम. बाई पहिल्या रांगेत, डावा हात उजव्या हातात धरून. वाजवून झालं अन् निवेदिकेनं विचारलं, ही शैली कोणाची? गुरूचं नाव घेताना आम्ही कानाच्या पाळीले हात लावतो. सवयीनं हात वर गेला. समोर मंत्री, कॅमेरे... अन् मी — कसं सांगू — कान खाजवला. म्हणालो, "बस, अपनी ही साधना है."

टाळ्या पडल्या. तो हात कशासाठी वर गेला होता, हे तिथं एकट्या बाईंनाच कळलं. परतताना गाडी सदर बाजारात आली. तेव्हा बाईंनी विचारलं, "तुहा कान खाजून राहिला होता का रे?"

मी म्हणालो, हो बाई, मच्छर होता.

त्यानंतर किती वेळा त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो अन् परत फिरलो! भित्रा साला. त्या वाट पाहत असतील का? सतार काढत असतील का? विचारायचं तोंड कुठं होतं मले? वर्षाच्या आत बाई गेल्या.

शोकसभेत मलेच वाजवायले बसवलं. कोणीतरी माइकवर म्हणालं, आता भैया आपल्या शैलीत सुमनदीदींना श्रद्धांजली देतील.

मी वाजवलं. त्यांच्या फोटोसमोर, त्यांचीच चाल. या वेळी हात कानाकडे गेलाही नाही.