जांभळं पिल्लू

आईच्या तेराव्याला मी पंगतीत आमटी वाढत होते. जुन्या कॉलनीतल्या आमच्या शेजारच्या काकू, आता ऐंशीच्या पुढच्या, बाजूच्या बाईला म्हणाल्या, "हिच्या आईला कोंबडीच्या पिल्लांचा काय लळा होता! आम्हीच दिलं होतं तिला एक."

दिलं होतं! दोन महिने हा शब्द डोक्यातून जात नाही.

आम्ही नाशिकरोडला राहत होतो. सत्त्याहत्तरचा सुमार असेल. उन्हाळ्याच्या सुट्टीत सिन्नरकडून एक सायकलवाला यायचा. मागे डालं, त्यात रंगवलेली पिल्लं: गुलाबी, हिरवी, जांभळी. फुटकी बादली किंवा तुटकी चप्पल दिली की एक पिल्लू मिळायचं. ती सगळी नर असायची, अंडी देणार नाहीत म्हणून काढून टाकलेली. हे मला फार उशिरा कळलं. रंग पक्का आहे का ते पाहायला मुलं त्यांना नळाखाली धरायची. दोन दिवसांत बहुतेक मरायची आणि मोठी माणसं हसून दुसरी चप्पल शोधायची.

काकूंचं जांभळं पिल्लू दाराच्या फटीत चेंगरलं. मी आमच्या पायरीवर वाचनालयाचं पुस्तक घेऊन बसले होते. काकूंनी ते दोन बोटांनी उचललं आणि कोपऱ्यावरच्या कचऱ्याच्या पिंपात टाकलं. ते ओरडत होतं. मी धावत जाऊन आईला सांगितलं. तिने पिंपात कोपरापर्यंत हात घातला.

एक पाय मोडला होता. आईने खराट्याच्या हिराचे दोन तुकडे पायाच्या दोन्ही बाजूंना लावले आणि जुन्या लुगड्याच्या चिंधीने बांधले. खोक्यात भुसा घातला, वर चाळीसचा दिवा सोडला. पिल्लू चोच उघडेना, तेव्हा ती करंगळीवर पाण्याचा थेंब घेऊन बसून राहायची. मग भिजवलेली कणी, एकेक दाणा.

"दवाखाना काढलास की काय?" वडील म्हणाले.

"काढला. तुम्ही कंपाउंडर व्हा. ते खोकं इकडे सरकवा आधी."

तीन आठवड्यांनी चिंधी सोडली. पाय वाकडा बसला होता, पण टेकत होता. जांभळी लव गळून पांढरी पिसं आली. आई ओट्यापाशी गेली की तेही लंगडत मागे.

दिवाळीनंतर काकूंचे दीर लासलगावहून यायचे होते. काकू आमच्या दारात आल्या.

"वहिनी, आमचा कोंबडा न्यायला आले हो."

"तुमचा?"

"आमचं जांभळं पिल्लू नाही का, तुमच्याकडे पळून आलेलं!"

"मोडक्या पायाने पळालं? पिंपात टाकलंत तुम्ही त्याला."

"बाई बाई! कुणी पाहिलं?"

आईने माझ्याकडे पाहिलं. काकूंचे यजमान वडिलांचे साहेब होते, हे मला ठाऊक होतं. आईलाही ठाऊक होतं, तरी ती बोलली होती. मी हातातल्या पुस्तकात मान घातली.

काकूंनी त्याला पंखांना धरून नेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्याकडून रश्शाची वाटी आली. आईने झाकण न काढता ती परत पाठवली. मला ती त्यावरून कधीच काही बोलली नाही. एकदा तरी बोलायला हवं होतं तिने.

आणि इतक्या वर्षांनी तिच्याच तेराव्याला, तिच्या घरात बसून, दिलं होतं म्हणे.

"काकू," मी म्हटलं, "तुम्ही दिलं नव्हतं. पाय मोडला म्हणून पिंपात टाकलं होतं. मी पाहिलं होतं."

काकू हसल्या. "अगं, कधीची गोष्ट! कोंबडीच्या पिल्लासाठी एवढं?" आणि त्यांनी वाटी पुढे केली.

मी पळी पातेल्यात तशीच ठेवली आणि पुढच्या पानाकडे गेले.