निंबावरची गाठ

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी आल्या, की घरात पुरण शिजायच्या आधी उखर्डू नानांना निरोप जायचा. शिरपूरजवळच्या त्या गावात उन्हाळ्यात थंड हवेच्या ठिकाणी जाणारं कुणी नव्हतं. नाल्याकाठच्या मोठ्या निंबाला झोका बांधला आणि बाया सांजोऱ्यांचे डबे घेऊन सावलीला बसल्या, की त्यांची सुट्टी सुरू. त्याला पैसा लागत नसे. विहिरींवर विजेच्या मोटारी बसल्यापासून जुन्या मोटांचे जाडजूड नाडे घरोघरी माळ्यावर पडून होते, आणि ते बांधायला नाना होते. चाळीस वर्षं त्या निंबावर झोक्यासाठी दुसरं कुणी चढलं नव्हतं.

१९८७च्या आखाजीला नाना पासष्ट वर्षांचे होते आणि त्यांना दिसत नव्हतं.

अगदीच नाही असं नव्हे. दोन वर्षांपासून डोळ्यांपुढे ताक सांडल्यासारखं पांढरं पसरत होतं. समोर माणूस आहे एवढं कळे, कोण ते आवाजावरून. मुलाला, अभिमनला, त्यांनी हे सांगितलं नव्हतं. तो लगेच धुळ्याला घेऊन गेला असता, आणि डोळ्याला हत्यार लागणार याचीच नानांना धास्ती होती. शिवाय झोका दुसऱ्याच्या हातात गेला असता. ते तर त्याहून जड.

त्या सकाळी ते चाचपत चढले. फांदी ओळखीची होती. डाव्या बाजूचा वेढा टाकताना तळहाताखाली काहीतरी टणक लागलं. सालीची गाठ असेल, ते मनाशी म्हणाले. खाली अभिमन वर बघत उभा होता. फार वेळ चाचपलं असतं तर त्याला शंका आली असती. नानांनी नाडा त्या टणक जागेवरूनच आवळला आणि खाली उतरले.

दुपारी शेजारच्या जीवरामची लेक पुष्पा आली. ती पिंपळनेरला दिलेली. ती आणि तिची मैत्रीण बेबा फळीवर समोरासमोर उभ्या राहिल्या, आणि दोघींच्या मधे पुष्पाची चार वर्षांची छबी बसली. नाना बुंध्याला टेकून ऐकत होते. झोका चढत गेला. पुढच्या टोकाला तो काठ ओलांडून थेट नाल्यावर जाई. खाली दोन पुरुष खोल कोरडा नाला, नुसते दगडगोटे.

"आखो जोरमा!" बेबा अजून जोर मागत ओरडली. सगळ्याजणी हसल्या.

नानांना हसू आलं नाही. फांदीवर नाडा करकरतो, तो आवाज त्यांच्या कानात मुरलेला होता. आज मात्र प्रत्येक परतीच्या झोक्याला डावीकडे एक बारीक 'टक्' येत होता. भास असेल म्हणून त्यांनी चार झोके जाऊ दिले. मग मान वर केली, तर तोंडावर काहीतरी हलकं पडलं. त्यांनी ते बोटात धरून चोळलं. नाड्याच्या अंबाडीचा भुसा होता. नाडा कापला जात होता.

नाना उठले.

"पुष्पे, जोर मारू नको!"

"काय व्हयनं, नाना?" आवाज वरून आला आणि लांब गेला.

तिनं आता घाबरून पाय टेकवले, उडी मारली, नुसता हिसका दिला, तरी उरलासुरला पेड तुटेल. हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून आवाज शक्य तितका खाली आणून ते म्हणाले, "काही नही, पोरी. दोघी उभ्या ऱ्हा, हालू नका. झोका त्याचा तो थांबी."

बायांची गाणी एकदम बंद झाली. पुष्पाची आई सुनंदाबाई धावत पुढे आली. नानांनी आवाजाच्या दिशेनं हात आडवा धरला. "धरू नको, सुनंदा. कोणी हात लावू नका."

कर्र, टक्. कर्र, टक्. झोका नाल्यावर जाई तेव्हा नाना श्वास धरत, मागे आला की सोडत. छबी रडायला लागली होती. "पाय घट्ट धर मायचे," एवढंच ते पुन्हा पुन्हा सांगत राहिले. करकर हळूहळू बारीक झाली. फळी काठाच्या आत हेलकावू लागली, तसे ते दोन्ही हात पसरून पुढे सरकले. फळी मांडीवर आदळली. त्यांनी ती कवटाळून धरली.

"आता उतरा. आधी पोर."

तिघी उतरल्यावर त्यांनी डावा नाडा एका हातानं ओढला. तो तुटून त्यांच्या खांद्यावर पडला.

वर लोखंडी खिळा होता. मागच्या लग्नसराईत कुणी भोंगा टांगायला ठोकला होता. वेढ्याखाली झाकलेला तो आता खालूनही स्पष्ट दिसत होता.

"नाना," पुष्पा वर बोट दाखवत म्हणाली, "एवढा मोठा खिळा तुमले दिखना नही?"

आता खोटं बोलायची जागाच उरली नव्हती.

"माले दिखत नही, पोरी. दोन वरीस व्हयनात."

सुनंदाबाईंनी नातीला उचललं आणि मागे न बघता घरी गेल्या. अभिमन बापाजवळ येऊन उभा राहिला. रागानं की लाजेनं, नानांना कळायला मार्ग नव्हता.

ऊन कलल्यावर पुष्पा एकटीच परत आली. पदर खोचून म्हणाली, "मी चढस वर. तुमी खालतून सांगा. पण थंडीमा डोया दखाडाले जाशात, तरच." नानांनी मान डोलावली आणि दुसऱ्या फांदीवर वेढा कसा घ्यायचा, गाठ कुठे द्यायची, ते सांगू लागले.

पौषात धुळ्याला मोतीबिंदू काढून त्यांचा एक डोळा झाला. दुसरा त्यांनी करून घेतला नाही. दिसायला लागलं तरी झोका पुष्पा आणि ते मिळूनच बांधत. ती वर, ते खाली. सुनंदाबाईंनी मात्र छबीला त्या झोक्यावर पुन्हा कधी बसू दिलं नाही, आणि नानांनीही कधी तसा आग्रह धरला नाही.

पुढची सात वर्षं, नाडा आवळून झाला की आधी नाना स्वतः फळीवर उभे राहत. धोतर वर खोचलेला म्हातारा अंगातलं सगळं बळ लावून झोका थेट नाल्यावर नेई. बाया तोंडाला पदर लावून हसत. नाना हसत नसत. कान फांदीकडे लावून ते पंचवीस-तीस झोके घेत, मग खाली उतरून म्हणत, "बसा आता."